सात महिने, एक एक्सेल शीट आणि ते ‘अप्लाय’ बटण

आधी निकालच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सटकू शकतील. नोकरी लागली. सात महिने लागले. आणि या सात महिन्यांत ज्या बटणावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणजे ते ‘अप्लाय’ किंवा ‘एका क्लिकमधे अप्लाय’ वगैरे जे काय असतं ते, त्याला मी पाचपैकी एक स्टार देते, तोही दाबलं की दाबलं जातं म्हणून. बाकी ऑनलाइन साधनं मात्र वाईट नाहीत, काही तर खरंच भारी आहेत, फक्त ती ज्या कामासाठी विकली जातात त्या कामाला उपयोगी पडत नाहीत, भलत्याच कामाला पडतात. सगळा रिव्ह्यू त्याबद्दलच आहे.

माझी गोष्ट थोडक्यात. अकरा वर्षं एकाच ठिकाणी होते, गोदामात कुठला माल किती ठेवायचा, कधी मागवायचा, संपायच्या आधी कुणाला ओरडायचं हे ठरवणाऱ्या डिपार्टमेंटला. मग ते डिपार्टमेंटच गुंडाळलं. कुणाची चूक वगैरे नाही, झालं. याआधी नोकरी शोधली होती तेव्हा रिझ्युमे मेलला जोडायचा, खाली ‘आपला विश्वासू’ लिहायचं आणि फोनची वाट बघत बसायचं एवढंच माहीत होतं, त्यामुळे या वेळी मी अगदी कोऱ्या पाटीने उतरले.

सवयीप्रमाणे पहिल्या दिवशी एक्सेल शीट उघडलं. कंपनी, पदाचं नाव, कुठून कळलं, कधी अर्ज केला, कुणाशी बोलले, पुढे काय झालं. शेवटी त्यात १६८ ओळी झाल्या. त्यातल्या १५१ नुसत्या बटण दाबून केलेल्या अर्जांच्या, आणि १७ अशा की जिथे आत कुणाशी तरी आधी दोन वाक्यं का होईना बोलणं झालं होतं. १५१ मधून कॉल आले ६. १७ मधून ८. हे माझ्या एकटीचं शीट आहे, यावरून जगाचा नियम काढू नका, पण मी स्टॉकवाली बाई आहे, असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की मला झोप येत नाही. आणि हे मी बघितलं कधी, तर पाचव्या महिन्यात! तोपर्यंत शीट नुसतं भरतच होते.

आता जॉब पोर्टल. ही कल्पना तशी जुनीच, मॉन्स्टर बोर्ड १९९४ मधे सुरू झालं, तेव्हा बहुतेकांच्या घरी इंटरनेट पण नव्हतं, आणि मुळात ते म्हणजे पेपरातलं जाहिरातींचं पानच होतं, फक्त स्क्रीनवर. मग २००४ मधे इनडीड आलं, त्यांची युक्ती वेगळी होती, इकडच्या तिकडच्या साइटवरच्या जाहिराती गोळा करायच्या आणि सगळ्या एका जागी शोधता येतील असं करायचं. हे माहीत असायचा फायदा असा की एकच नोकरी तुम्हाला चार जागी का दिसते ते कळतं. एकदा कंपनीच्या नावाने, एकदा एजन्सीच्या, एकदा दुसऱ्या एजन्सीच्या, आणि एकदा ‘एका नामांकित कंपनीसाठी’. मी येड्यासारखे चारही ठिकाणी अर्ज ठोकले होते एकदा, म्हटलं चान्स वाढेल. कसला वाढतोय. एजन्सीला उमेदवारामागे कमिशन असतं, एकच नाव दोन रस्त्यांनी आलं की कमिशन कुणाचं यावर घोळ होतो, आणि कंपनी म्हणते जाऊदे, आपल्याकडे बाकीची माणसं आहेतच की. तो माझा पहिला कॉल हातचा गेला.

दुसरी गंमत तारखेची. ‘२ दिवसांपूर्वी’ लिहिलेलं असतं ते नोकरी निघाल्याची तारीख असेलच असं नाही, जाहिरात परत वर टाकली त्याची असू शकते. मी नंतर एक करायला लागले, जाहिरातीतलं एखादं वेगळं वाटणारं अख्खं वाक्य उचलायचं, दोन्ही बाजूंना अवतरण चिन्हं देऊन सर्चमधे टाकायचं, की तेच वाक्य आधी कुठे कुठे आलंय ते दिसतं. एकदा एक जाहिरात सापडली ती वर्षभर तशीच, शब्दाशब्दाला तीच, दर महिन्याला ‘नवीन’. काही कंपन्या जागा नसताना जाहिरात चालू ठेवतात, रिझ्युमे साठवून ठेवायला, किंवा आमची वाढ होतेय असं दाखवायला, किंवा नुसतीच कुणी बंद करायची विसरलेलं असतं म्हणून. इंग्रजीत याला भुताच्या नोकऱ्या म्हणतात, घोस्ट जॉब. भुताशी मी तीन आठवडे पत्रव्यवहार केलाय.

आणि मग तो चार मिनिटांचा नकार. रात्री दीडला अर्ज केला, एक चौतीसला मेल, ‘आम्ही तुमच्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला.’ कुणी केला हो, वॉचमनने? मला वाटलं ते एटीएस का काय म्हणतात त्या सॉफ्टवेअरने माझा रिझ्युमे वाचून फेकला. सगळीकडे हेच सांगतात ना, रोबो रिझ्युमे वाचतो आणि बहुतेक सगळे कचऱ्यात टाकतो. नंतर एका ओळखीच्या एचआरवालीने नीट समजावलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. बहुतेक ठिकाणी ते सॉफ्टवेअर म्हणजे साधं कपाट आहे गं, ती म्हणाली, आलेले अर्ज खणात लावून ठेवतं, मी शब्द टाकून शोधते, किंवा वरून खाली वाचत जाते आणि पुरेशी माणसं मिळाली की थांबते. आपोआप नकार येतो तो बहुतेक वेळा फॉर्ममधल्या प्रश्नांमुळे. ‘अमुक सॉफ्टवेअरवर तीन वर्षं काम केलंय का, होय किंवा नाही’, तिथे तुम्ही नाही टिकलं की कपाटाचं दार बंद, रिझ्युमे कुणी उघडतही नाही. मी त्या रात्री झोपेत कुठलंतरी नाही टिकलं असणार.

म्हणून अर्ज लवकर केलेला बरा, ती वरून वाचायला लागते तेव्हा आपण वर असलेलं बरं. आणि ते होय नाहीचे प्रश्न जागेपणी वाचा.

रिझ्युमेचं पण सांगून टाकते. माझा होता तो दोन कॉलमवाला, डावीकडे निळी पट्टी, त्यात फोनचं चिन्ह, स्किलच्या पुढे पाचपैकी चार ठिपके भरलेले. दिसायला लग्नपत्रिकेपेक्षा देखणा. एचआरवाली म्हणाली, त्यातलं सगळं सिलेक्ट कर, कॉपी कर आणि नोटपॅडमधे टाक, मग मला सांग. टाकलं. दोन कॉलमच्या ओळी एकमेकांत घुसल्या होत्या, २०१४ च्या पुढे ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ आलं होतं, आणि फोन नंबर गायब, कारण तो मी वरच्या हेडरमधे ठेवला होता. म्हणजे साठ-सत्तर कपाटांत माझा रिझ्युमे कदाचित बिनफोनचा पडलाय! ही नोटपॅडची टेस्ट फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे, आणि त्या ‘तुमच्या रिझ्युमेचा स्कोअर बघा’ वाल्या साइटपेक्षा जास्त कामाची आहे. त्या साइटपण वापरल्या मी. एकच फाइल एकाच दुपारी दोन ठिकाणी टाकली, एकाने १०० पैकी ४६ दिले, दुसऱ्याने ८१, आणि दोघांनीही शेवटी सांगितलं की पैसे भरा म्हणजे सुधारून देतो. नाव घेत नाही, घेऊन काय करणार, असल्या पोत्याने आहेत. एक कॉलम, साधी हेडिंगं, टेबल नाही, ठिपके नाहीत, बास.

आता ज्यासाठी मी खरंच स्टार देणार आहे त्याकडे येते. सर्च.

मला सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती ही की माझ्या कामाला बाहेर काय म्हणतात हेच मला माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसात मी ‘स्टोअर्स को-ऑर्डिनेटर’ होते, कुणीतरी कधीतरी ठेवलेलं नाव. पहिले दोन महिने मी तेच शोधत राहिले आणि मला यायच्या त्या दुकानात कपडे घडी करून ठेवायच्या नोकऱ्या. मग एके दिवशी उलटं केलं, पदाच्या नावाऐवजी कामाचे शब्द टाकले, ‘रीऑर्डर पॉइंट’, ‘सेफ्टी स्टॉक’, ‘लीड टाइम’, असे जे मी रोज तोंडात घोळवायचे ते, अवतरण चिन्हात. आणि बापरे. डिमांड प्लॅनर, इन्व्हेंटरी अ‍ॅनालिस्ट, मटेरियल्स कंट्रोलर, सप्लाय प्लॅनर, रिप्लेनिशमेंट स्पेशालिस्ट, एकूण सात नावं निघाली, सगळ्यांच्या खाली माझंच काम लिहिलेलं. अकरा वर्षं मी डिमांड प्लॅनर होते आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मी प्रोफाइलवरचं हेडिंग बदललं. जुनं पद खोटं लिहिलं नाही हं, अनुभवाच्या खाली ते तसंच आहे, फक्त वरच्या ओळीत काम काय करते ते लोक शोधतात त्या शब्दांत लिहिलं. पुढच्या दहा दिवसांत रिक्रूटरचे तीन मेसेज आले. आधीच्या दोन महिन्यांत भोपळा.

सर्चच्या खुणा शिकून घ्या, खरंच सांगते. अवतरण चिन्हं म्हणजे अगदी हेच शब्द हवेत, मायनस म्हणजे हा शब्द नको (मी ‘रिटेल’ला मायनस लावलं आणि कपडे घडी करायच्या नोकऱ्या एका फटक्यात गेल्या), आणि शब्दांच्या मधे इंग्रजी कॅपिटलमधे ‘ऑर’ (OR) लिहिलं की सातही नावं एकाच वेळी शोधता येतात. याला बूलियन सर्च म्हणतात, जॉर्ज बूल नावाच्या गणितज्ञाच्या नावावरून, बिचारा एकोणिसाव्या शतकातला, १८६४ मधे गेला, त्याला काय माहीत की आपण त्याचं तर्कशास्त्र रात्री अंथरुणात पडून नोकरी शोधायला वापरणार. शिवाय गूगल अलर्ट आहे, म्हणजे आपण दिलेले शब्द इंटरनेटवर नव्याने कुठे आले की मेल येतो, २००३ पासून आहे आणि फुकट आहे, त्यात मी आवडत्या कंपन्यांची नावं ‘नवीन गोदाम’, ‘विस्तार’ असल्या शब्दांबरोबर घालून ठेवली. गोदाम नवीन काढणार म्हणजे त्यात माल किती ठेवायचा हे सांगणारं कुणीतरी लागणार. जाहिरात निघायच्या आधी बातमी येते, हे मला उशिरा सुचलं. चार स्टार. पाचवा ठेवून घेतला कारण अलर्ट कधी कधी पेंगतात.

कंपन्यांचे रिव्ह्यू असतात त्या साइट मी इंटरव्ह्यूच्या आधी वाचायचे. ग्लासडोर २००८ पासून चालू आहे, आणि जपानच्या रिक्रूट होल्डिंग्जने आधी २०१२ मधे इनडीड घेतलं आणि मग २०१८ मधे ग्लासडोरही, म्हणजे नोकरी दाखवणारा आणि नोकरीबद्दल तक्रार लिहून घेणारा मालक एकच आहे, बसल्या बसल्या विचार करायला चांगला विषय. वाचायचं कसं ते सांगते. एक स्टारवाले नुकतेच भांडून बाहेर पडलेले असतात, पाच स्टारवाल्यांना कधी कधी एचआरने मेल टाकलेला असतो, तुम्ही तीन स्टारवाले वाचा, ते लोक बसून विचार करून लिहितात. आणि तारखा बघा. एका कंपनीचे अकरा पाच स्टार रिव्ह्यू एकाच आठवड्यातले होते, आणि सगळ्यांत ‘उत्तम वर्क कल्चर’. त्या आठवड्यात तिथे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

एआयबद्दल विचारणारच तुम्ही, म्हणून. कव्हर लेटर लिहून घेतलं तर ते वाचायला छान आणि सगळ्यांसारखंच असतं, माझ्या एचआरवालीला एका दिवसात एकाच वाक्याने सुरू होणारी नऊ पत्रं आली. पण खरा झटका मला वेगळाच बसला, मी म्हटलं माझा रिझ्युमे जरा खुलवून दे, तर त्याने त्यात घातलं की मी ‘स्टॉकचं नुकसान ३२ टक्क्यांनी कमी केलं’. कधी केलं मी हे? कुणी मोजलं? बरं आकडा इतका आत्मविश्वासाने लिहिलेला की दोन मिनिटं मलाच वाटलं, केलं असेल बाई. तसाच पाठवला असता आणि इंटरव्ह्यूत विचारलं असतं की कसं मोजलं, तर? हात दाखवून अवलक्षण. जाहिरात पेस्ट करून ‘या नोकरीसाठी मला कुठले अवघड प्रश्न विचारतील’ हे विचारायला मात्र एक नंबर, त्याच्याशी मी तोंडी सराव करायचे भिंतीकडे बघून. पलीकडच्या बाजूलाही हेच आहे म्हणा, अ‍ॅमेझॉनने रिझ्युमे निवडायला एक एआय बनवायला घेतलं होतं, ते जुन्या रिझ्युमेंवर शिकलं आणि जुने बहुतेक पुरुषांचे, तर ते बायकांचे रिझ्युमे मागे टाकायला लागलं, शेवटी त्यांनी ते बंद केलं, २०१८ मधे रॉयटर्सने ही बातमी दिली होती. तेव्हा यंत्राला सगळं कळतं असं दोन्हीकडच्यांनी समजू नये.

मेसेजिंग अ‍ॅपवरचे जॉब ग्रुप. अर्धा स्टार. मी नऊ ग्रुपात होते, तीच जाहिरात ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ होऊन फिरत राहते, तिची मुदत जाऊन दोन महिने झालेले असतात आणि खाली चाळीस जण ‘इंटरेस्टेड’ लिहितात. कुणाला लिहितात? आणि फसवणूक. मला एक मेसेज आला, तुमचा प्रोफाइल निवडला गेलाय, इंटरव्ह्यू चॅटवरच होईल. झाला. टाइप करून. आवाज नाही, चेहरा नाही, कामाबद्दल दोन प्रश्न, आणि वीस मिनिटांत ऑफर लेटर, त्यावर एका मोठ्या कंपनीचा शिक्का, आणि मग लॅपटॉप पाठवायचाय त्याचं डिपॉझिट भरा. मी पाचव्या महिन्यात होते, खरं सांगते, भरणार होते, बँकेचं अ‍ॅप उघडलं होतं. थांबले का, तर मेलचा पत्ता बघितला म्हणून, कंपनीच्या नावापुढे एक हायफन आणि ‘करिअर’ असं चिकटवलेलं होतं. खऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन, त्या मेलमधल्या लिंकवरून नाही तर स्वतः टाइप करून, करिअरच्या पानावर बघितलं तर असली जागाच नाही. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही, हे आपल्याला माहीत असतं हो, पण पाच महिने घरी बसल्यावर माहीत असलेलं आठवत नाही. अजून एक, रिझ्युमेवर जन्मतारीख आणि घराचा पूर्ण पत्ता कशाला हवा, मी होता तो काढून टाकला, आणि ओळखपत्राच्या कॉप्या अर्जाच्या वेळी कुणालाच देऊ नका, त्या ऑफर पक्की झाल्यावर, खरी माणसं बघितल्यावर.

आता माणसं. लिंक्डइन, म्हणजे कामाच्या ओळखींचं ते ऑनलाइन नेटवर्क, २००३ मधे सुरू झालं, २०१६ मधे मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, आणि २०२३ मधे सदस्य शंभर कोटींच्या वर गेले. एवढ्या गर्दीत मी अकरा वर्षं होते आणि माझे कनेक्शन होते ६४, त्यातले दहा-बारा नातेवाईक. फोटोभोवती ‘ओपन टू वर्क’वाली, म्हणजे नोकरी शोधतेय असं सांगणारी, ती हिरवी चौकट लावायची का यावर माझ्या जुन्या टीममधे महाभारत झालं, एकजण म्हणाला लाचार दिसतं, दुसरी म्हणाली अगं पोट भरायचंय तुला का फोटो काढायचाय. तिथे दोन पर्याय असतात, एक सगळ्यांना दिसणारा आणि एक फक्त रिक्रूटरना दिसणारा. दुसऱ्यात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून लपवायचा प्रयत्न करतात, पण शंभर टक्के हमी देत नाही असं ते स्वतःच लिहितात, त्यामुळे जे नोकरीत राहून शोधताहेत त्यांनी ते बारीक अक्षर वाचा. माझी गेलेलीच होती, मी लावली चौकट. कोर्स विकणाऱ्यांचे मेसेज वाढले, रिक्रूटरचेही थोडे वाढले. तीन स्टार. असल्या नेटवर्कवरचं फीड मात्र बंद डोळ्यांनी पुढे ढकला, तिथे सगळ्यांना सगळ्यातून शिकवण मिळते, नोकरी गेल्यावरही ज्यांनी काढलं त्यांचेच आभार मानणारे चारशे शब्द वाचून मला रात्री जास्त त्रास व्हायचा.

पण शोधायला हे नेटवर्क म्हणजे सोनं आहे. कंपनीच्या पानावर जा, तिथली माणसं बघ, तुझ्या ओळखीतलं कुणी, ओळखीच्या ओळखीतलं कुणी. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मधेच लिहून ठेवलंय की नोकरीची बातमी घट्ट ओळखीतून कमी येते आणि पातळ ओळखीतून जास्त, कारण घट्ट ओळखीतल्यांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. माझंच बघा, माझ्या जवळच्या सगळ्या मैत्रिणी त्याच डिपार्टमेंटच्या, सगळ्या माझ्याबरोबरच बाहेर! त्या काय बातमी देणार, त्या माझ्याकडे मागत होत्या. २०२२ मधे लिंक्डइनवरच्या २ कोटी लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगाचा अभ्यास सायन्स या साप्ताहिकात आला, ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ असं जे सुचवतात ना त्यात बदल करून बघितलं होतं त्यांनी, तर निघालं साधारण तेच, फक्त थोडं बारीक, की अगदीच अनोळखी माणूसही फारसा कामाचा नाही, मधला, कोमट ओळखीचा सगळ्यात चांगला. लोकांना आपण प्रयोगात आहोत हे माहीत नव्हतं, त्यावरून बरीच बोलणी पण बसली त्यांना. मी होते का त्यात? ६४ कनेक्शनवालीवर कोण प्रयोग करणार.

माझी कोमट ओळख म्हणजे एक ऑडिटवाली. आठ वर्षांपूर्वी तीन महिने आमच्या ऑफिसात येऊन बसायची, माल मोजायला. आमची ओळख एवढीच की एकदा तिच्या शीटमधली आणि माझ्या शीटमधली संख्या ४० ने चुकत होती आणि रात्री आठपर्यंत बसून आम्ही दोघींनी ती शोधली होती. ती आता एका मोठ्या वितरण कंपनीत होती, सर्चने दाखवली. मेसेज लिहायला मला दोन दिवस लागले. पहिला मसुदा असा, कशा आहात, किती वर्षं झाली, घरी सगळे कसे, फोटो छान आहे, आणि शेवटी हळूच, बाय द वे. वाचून मलाच लाज वाटली. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, ती काय खुळी आहे का? मग हा पाठवला:

‘नमस्कार मॅडम, मी स्टोअर्समधली, त्या ४० नगांच्या घोळात तुमच्याबरोबर बसलेली. आमचं डिपार्टमेंट बंद झालंय, मी प्लॅनिंगमधली नोकरी शोधतेय. तुमच्या कंपनीत प्लॅनिंगची टीम कोण बघतं आणि त्यांच्याकडे माझ्यासारख्या अनुभवाला जागा असते का, एवढं सांगू शकाल का? नाही जमलं तरी काही नाही.’

बास. नोकरी मागितली नाही, माहिती मागितली, आणि ती मला कशी ओळखते ते पहिल्याच ओळीत. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी उत्तर, ‘अहो तुम्ही! तो ४० चा घोळ मी अजून ट्रेनिंगमधे सांगते. फोन करा संध्याकाळी.’ फोनवर कळलं की पुढच्या महिन्यात एक जागा निघणार आहे, जाहिरात अजून नाही, आणि टीम बघणाऱ्या बाईंना त्या माझं नाव सांगतील, पण त्यापुढे काही करणार नाहीत. बरोबरच आहे. लोक याला वशिला म्हणतात, मी पण म्हणायचे, तरुणपणी तर तावातावाने. आता वाटतं वशिल्यात काम न येणाऱ्याला आत घेतात, इथे फक्त कपाटातली माझी फाइल वरच्या खणात आली. त्यानंतर चार राउंड झाले, त्यातल्या एकात त्यांनी मला खरं शीट देऊन बसवलं आणि त्यात मुद्दाम चूक घातली होती. सापडली.

असे मेसेज मी एकूण ४१ पाठवले. २२ जणांनी उत्तरच दिलं नाही, दोघे तर वाचून प्रोफाइल बघून गेले ते मला दिसलं, तेवढा अपमान सहन करावा लागतो. पण एक मेसेज नीट लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी बटण दाबून दहा अर्ज करत होते, आणि मला ते काम केल्यासारखं वाटायचं, संध्याकाळी शीटमधे दहा ओळी वाढलेल्या बघून बरं वाटायचं. बटण सोपं आहे ते फक्त मला नाही, सगळ्यांनाच सोपं आहे, मी ज्या दुपारी दहा अर्ज केले त्याच दुपारी बाकीच्या हजारोंनी पण दहा दहा केले. मेसेज लिहायला लाज वाटते म्हणून कुणी लिहीत नाही, आणि म्हणूनच तो वाचला जातो.

आणि गंमत बघा, ऑफर देण्याआधी कंपनीने मला सांगितलं, रीतसर अर्ज पोर्टलवरून करावाच लागेल. म्हणजे परत तेच बटण. रिझ्युमे अपलोड करा, आणि अपलोड केल्यावर त्यातलंच सगळं परत एकेक रकान्यात हाताने टाइप करा. केलं.

जॉइन होऊन आता दोन महिने झाले. परवा त्या पोर्टलचा मेल आला, ‘तुमच्यासाठी अगदी योग्य संधी, ९४ टक्के जुळणी’. सवयीने उघडला. माझीच जागा. मी बसते तीच खुर्ची, ‘३ दिवसांपूर्वी’, खाली दोनशेच्या वर अर्ज आलेले. तशीच उठून एचआरकडे गेले आणि स्क्रीन दाखवली, तर ती म्हणाली, अगं राहिली वाटतं बंद करायची.